प्रदूषकांची राष्ट्रीय नोंदवही आखताना यादीच्या आधी काय ठरवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: देशातल्या कारखान्यांमधून हवेत, पाण्यात आणि जमिनीत वर्षभरात कोणते प्रदूषक किती गेले, हे कोणाही नागरिकाला पाहता येईल अशी राष्ट्रीय नोंदवही करायची झाली तर तिचा आराखडा कसा आखावा, आणि युरोपची ९१ प्रदूषकांची यादी जशीच्या तशी घेऊन एक संकेतस्थळ उभे केले तर काम भागणार नाही का? वर्ध्यातल्या एका अभ्यासगटासाठी तुम्ही टिपण तयार करत आहात आणि त्यात सर्वांत जास्त पाने यादीलाच गेली आहेत, असेही तुम्ही लिहिले आहे. मी नागपुरात राहून बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वरच्या कारखान्यांसाठी संमतीपत्रांची (म्हणजे कारखाना चालवायला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लागणाऱ्या परवानगीची), चिमणीवरील मोजणीची आणि सांडपाणी प्रक्रियेची कामे बरीच वर्षे करत आलो आहे. त्यामुळे आकडा प्रत्यक्ष कसा तयार होतो, त्या बाजूने मी उत्तर देतो.

माझे मत आधीच सांगतो. यादी हा या कामातला सोपा भाग आहे. एका कारखान्याचा एका वर्षाचा एकच आकडा असावा, तो किलोमध्ये असावा, तो कसा काढला हे त्याच्या शेजारी लिहिलेले असावे आणि मंडळाला, मंत्रालयाला व लोकांना तोच दिसावा, हे घडवून आणणे कठीण आहे. ते घडले तर यादी दर दोन-चार वर्षांनी वाढवता येते; ते घडले नाही तर ९१ प्रदूषकांची यादी म्हणजे ९१ रिकामे रकाने ठरतील.

अशा नोंदवहीची कल्पना ज्या घटनेतून आली ती आपल्याच देशातली आहे, याची आठवण तुमच्या टिपणात असायला हवी. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला मिथाइल आयसोसायनेटची गळती झाली, पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात त्याच कंपनीच्या कारखान्यातून गळती झाली, आणि १९८६ मध्ये अमेरिकेने आपत्कालीन नियोजन व लोकांच्या माहितीच्या हक्काचा कायदा केला. त्या कायद्याखालील पहिली माहिती १९८७ या वर्षाची होती. पुढे १९९२ च्या रिओ परिषदेने ही कल्पना सर्व देशांपुढे ठेवली, २००३ मध्ये कीव्ह येथे तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २००९ मध्ये अमलात आला. तो करार संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही सदस्य देशाला खुला आहे. भारत त्यात सहभागी नाही. आपल्याकडेही १९८६ मध्येच पर्यावरण संरक्षण कायदा झाला, परंतु त्याचा भर मानके ठरवून ती पाळली जातात की नाही हे पाहण्यावर राहिला. वर्षभरात एकूण किती गेले, हा प्रश्न मागे पडला.

हा फरक नीट समजून घेतल्याशिवाय आराखडा आखता येत नाही, म्हणून एक साधा हिशोब मांडतो. एखाद्या बॉयलरच्या चिमणीतून ताशी दोन लाख सामान्य घनमीटर वायू बाहेर पडतो आणि त्यात धूलिकण दर घनमीटरला ५० मिलिग्रॅम आहेत, असे धरा. म्हणजे तासाला १० किलो धूळ झाली. वर्षात ८,००० तास बॉयलर चालला, तर ८० टन धूळ हवेत गेली. त्या चिमणीसाठी मर्यादा ५० मिलिग्रॅमचीच असेल, तर अहवालावर शेरा येतो, ‘मर्यादेत आहे’. तो शेरा खरा असतो. पुढच्या वर्षी त्या कारखान्याने तसाच दुसरा बॉयलर लावला, तर गावावर १६० टन धूळ पडू लागते आणि दोन्ही चिमण्यांच्या अहवालांवर शेरा पुन्हा तोच असतो. संहती, म्हणजे दर घनमीटर वायूतले किंवा दर लिटर पाण्यातले प्रमाण, मोजणारी व्यवस्था ही वाढ पाहू शकत नाही. वर्षाचा एकूण भार मोजणारी नोंदवही ती पाहू शकते, आणि तिची गरज एवढ्याचसाठी आहे.

आता असा भार आपल्याकडे कोणी विचारतच नाही, असे नाही. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या नियम १४ नुसार प्रत्येक संमतीधारक कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘फॉर्म पाच’ म्हणतो ते, भरायचे असते. १९९२ मध्ये आलेली आणि १९९३ मध्ये सध्याच्या रूपात आलेली ही तरतूद आहे. त्याच्या सी भागात चार रकाने आहेत: प्रदूषकाचे नाव, बाहेर सोडलेली मात्रा वस्तुमान प्रतिदिन या एककात, संहती, आणि विहित मानकापासून टक्केवारीत फरक व त्याची कारणे. नोंदवहीला जे हवे आहे ते जवळजवळ सगळे या चार रकान्यांत आहे. मी पाहिलेल्या कित्येक विवरणपत्रांत मात्र दुसऱ्या रकान्यात प्रयोगशाळेच्या अहवालातली संहतीच उतरवलेली असते, किंवा तिथे ‘मर्यादेत’ एवढा एकच शब्द असतो, आणि चौथ्या रकान्यात ‘फरक नाही’. भरणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. त्या रकान्याकडे पाहून कोणी परत प्रश्न विचारत नाही, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. लोकांना उपयोगी पडेल अशा रीतीने तो आकडा कुठे प्रसिद्ध होत नाही, आणि जो आकडा कोणी वाचत नाही तो कोणी काळजीने भरतही नाही.

म्हणून माझ्या मते तुमच्या टिपणाचे पहिले प्रकरण ‘आज काय काय गोळा होते’ हे असले पाहिजे. फॉर्म पाच आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखालचा फॉर्म चार आहे, तो ३० जूनपर्यंत जातो, आणि प्रत्येक खेपेबरोबर जाणारे मॅनिफेस्ट म्हणजे फॉर्म दहा आहे. केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना सक्तीची केलेली अखंड ऑनलाइन मोजणी आहे. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पांचे सहामाही अनुपालन अहवाल आहेत. औष्णिक वीज केंद्रांचा राखेचा हिशोब वेगळाच जातो. एवढी कागदपत्रे असताना नोंदवहीसाठी आणखी एक स्वतंत्र फॉर्म आणला, तर कारखान्यातला पर्यावरण अधिकारी, जो बहुतेक ठिकाणी सुरक्षेचे आणि ऊर्जा बचतीचेही काम पाहतो, तो सहावा फॉर्म पाचव्यावरून उतरवेल. नवी नोंदवही जुन्या दोन-तीन विवरणांना स्वतःत सामावून घेत असेल तरच ती आणावी.

या सगळ्या कागदांना जोडणारा धागा म्हणजे कारखान्याची ओळख, आणि आराखड्यात सर्वांत जास्त वेळ मी तिला देईन. संमतीपत्रावर कंपनीचे आजचे नाव असते, कारखाना परवान्यावर मालकी बदलण्याआधीचे नाव राहून गेलेले असते, एमआयडीसीच्या नोंदीत प्लॉटधारक तिसराच असतो, आणि एकाच कुंपणात दोन संमतीपत्रे किंवा एका संमतीपत्राखाली रस्त्याच्या दोन बाजूंचे दोन प्लॉट, असेही आढळते. माणूस ओळखीचा असतो म्हणून हे मंडळाच्या कार्यालयात निभावते. राष्ट्रीय पातळीवर ते निभावणार नाही. प्रत्येक स्थळाला कायमचा एक क्रमांक द्यावा, त्याला अक्षांश-रेखांश जोडावेत, मालक बदलला तरी क्रमांक बदलू नये, आणि वर सांगितलेले सर्व फॉर्म त्याच क्रमांकावर यावेत. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे उद्घाटन करता येत नाही, आणि म्हणूनच ते मागे ठेवले जाते. ते आधी झाले नाही तर पहिल्याच वर्षी काही कारखाने दोनदा दिसतील, काही दिसणारच नाहीत, आणि नोंदवहीवरचा विश्वास तिथेच जाईल.

आता यादी आणि उंबरठे, म्हणजे ज्या मात्रेपासून पुढे माहिती कळवणे बंधनकारक होते त्या मर्यादा. इथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून मी ठाम आकडे देणार नाही. विचार कसा करावा एवढे सांगतो. युरोपने ९१ प्रदूषक आणि ६५ प्रकारचे उद्योग घेतले आणि प्रत्येक प्रदूषकाला बाहेर पडणाऱ्या वार्षिक वजनाचा उंबरठा लावला: पारा हवेत १० किलो, पाण्यात १ किलो, एकूण क्रोमियम हवेत १०० किलो, पाण्यात ५० किलो, नायट्रोजन ऑक्साइड हवेत १०० टन. अमेरिकेने निराळा मार्ग घेतला: किमान दहा पूर्णवेळ कामगार, आणि रसायन वर्षाला २५,००० पौंड तयार होत असेल किंवा प्रक्रियेत वापरले जात असेल, अथवा इतर कारणासाठी १०,००० पौंड वापरले जात असेल, तर कळवायचे, पारा आणि शिसे यांसारख्या पदार्थांना खूपच खालचे उंबरठे. माझा कल वापराच्या उंबरठ्याकडे आहे, कारण खरेदीची बिले आणि साठ्याच्या नोंदी लपवणे अवघड असते, तर ‘आमचे उत्सर्जन उंबरठ्याखाली आहे’ हे म्हणणे सोपे असते आणि ते तपासायला पुन्हा मोजणीच लागते. कोळसा जाळणाऱ्यांसाठीही हेच लागू आहे. कोळशात पारा टनाला ०.१ ग्रॅम धरला, तर वर्षाला एक लाख टन कोळसा जाळणाऱ्या कारखान्यात १० किलो पारा आत येतो. त्यातला काही राखेत राहतो, उरलेला चिमणीतून जातो. कोळसा किती जाळला हे कोणीही लपवत नाही. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांजवळ राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशोब दरवर्षी समोर दिसायला हवा.

उंबरठ्यातली खरी मेख मात्र लहान कारखान्यांची आहे. धातूवर मुलामा देणाऱ्या एका मोठ्या कारखान्यातून रोज ५०० घनमीटर सांडपाणी जाते आणि त्यात एकूण क्रोमियम सर्वसाधारण मानकाइतके, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम आहे, असे धरा. रोज १ किलो, ३३० दिवसांचे ३३० किलो. मानक पाळलेले आहे, तरीही युरोपच्या उंबरठ्याच्या सहापटींहून अधिक. त्याची नोंद होईल. आता त्याच धंद्यातले ४० लहान कारखाने घ्या, प्रत्येकाचे पाणी रोज १० घनमीटर. एकेकाचे वर्षाचे क्रोमियम ६.६ किलो, कोणाचीच नोंद नाही. पण एकत्र ते २६४ किलो होते आणि एकाच नाल्याला जाते. हिंगण्यासारख्या जुन्या औद्योगिक वसाहतीचे चित्र या लहान कारखान्यांसारखे असते. यावर मला दिसणारा उपाय असा की सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला स्वतंत्र स्थळ मानून त्याच्याकडून भार घ्यावा, आणि जिथे असे केंद्र नाही तिथे लहान कारखान्यांचा भार मंडळाने उत्पादनाच्या आकडेवारीवरून काढून, ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहून, वसाहतीच्या नावावर दाखवावा. जपानमध्ये सरकार असेच करते: १९९९ च्या त्यांच्या कायद्यानुसार साधारणपणे २१ किंवा अधिक कामगार असलेले आणि वर्षाला एक टन रसायन हाताळणारे कारखाने स्वतः कळवतात, आणि त्याखालच्यांचा, घरांचा व वाहनांचा अंदाज सरकार काढते.

एक रकाना कोणत्याही परिस्थितीत वगळू नका, आणि तो म्हणजे स्थलांतराचा, म्हणजे कचऱ्यासोबत दुसऱ्या ठिकाणी पाठवलेल्या प्रदूषकाचा. कारखान्याने बॅग फिल्टर लावला की चिमणीतली धूळ घटते आणि पोत्यांत भरलेली धूळ वाढते. ईटीपी, म्हणजे कारखान्याची सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा, चांगली चालवली की नाल्यातले क्रोमियम घटते आणि गाळातले वाढते. तो गाळ बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात गेला तर चांगलेच. पण नोंदवहीत फक्त उत्सर्जन असेल तर क्रोमियम जणू हवेत विरले असे दिसेल. पाठवणाऱ्याच्या नावावर ‘स्थलांतर’ आणि घेणाऱ्याच्या नावावर आवक, दोन्ही मॅनिफेस्टच्या क्रमांकाने जुळली पाहिजेत. न जुळणारी वजने हा तपासणीचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

आकड्याच्या विश्वासार्हतेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी तोच प्रश्न तुम्हाला सर्वत्र विचारला जाईल. युरोपच्या नोंदवहीत प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला आहे, गणिताने काढलेला आहे की जाणकाराचा अंदाज आहे, हे एका अक्षराने सांगावे लागते. ही पद्धत जशीच्या तशी घ्यावी. तिमाहीतून एकदा अर्धा-पाऊण तास चिमणीवर नमुना घेऊन वर्षाचा भार काढला, तर तो ‘मोजलेला’ म्हणवला जातो, पण त्या दिवशी बॉयलर किती भारावर चालला होता हे लिहिले नसेल तर त्या आकड्यात फारसा अर्थ उरत नाही. उलट कोळशाच्या विश्लेषणावरून काढलेला गंधकाचा हिशोब ‘गणिताचा’ असूनही अधिक भरवशाचा असू शकतो. प्रयोगशाळेचा अहवाल ‘आढळले नाही’ असे म्हणतो तेव्हा शून्य लिहायचे का, हेही नियमातच सांगा. तो पदार्थ प्रक्रियेत वापरला जात असेल, तर शोधमर्यादेच्या, म्हणजे प्रयोगशाळेला ओळखता येणाऱ्या किमान संहतीच्या, निम्मी संहती धरावी, हा अमेरिकेतला प्रघात मला योग्य वाटतो. नाही तर जिची शोधमर्यादा सर्वांत ढिली, त्या प्रयोगशाळेकडे सगळे नमुने जाऊ लागतील.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: आधी स्थळाची ओळख, मग जुन्या विवरणांचे एकत्रीकरण, मग वार्षिक वजन आणि ते काढण्याची पद्धत, आणि त्यानंतर यादी व उंबरठे, या क्रमाने मी जाईन.

कायद्याबद्दल. ही नोंदवही ऐच्छिक ठेवू नका. मेक्सिकोने सुरुवातीला प्रदूषकांची माहिती ऐच्छिक ठेवली, फार थोड्या कारखान्यांनी ती दिली, आणि शेवटी २००१ मध्ये कायदा दुरुस्त करून ती सक्तीची करावी लागली. आपल्याकडे नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही असे माझे मत आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम २० नुसार केंद्र सरकार कोणाही व्यक्तीकडून वा प्राधिकरणाकडून अहवाल, विवरणपत्रे आणि आकडेवारी मागू शकते, आणि कलम २५ खाली त्याचे नियम करता येतात. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या कायद्यातली उल्लंघनाबद्दलची तुरुंगवासाची तरतूद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला आहे. न भरलेल्या विवरणपत्राला हा दंड पेलवतो. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या आकड्याला तो पुरेल असे मला वाटत नाही, आणि तुमच्या टिपणात हे स्पष्ट लिहावे.

व्यापारी गुपिताचा आक्षेप पहिल्याच बैठकीत येईल. त्याला उत्तर असे की उत्पादनाची कृती गुप्त असू शकते, पण शेजाऱ्याच्या विहिरीत आणि हवेत जे गेले ते गुप्त असू शकत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ८(१)(ड) खाली व्यापारी गुपिताला संरक्षण आहे, पण मोठे सार्वजनिक हित असेल तर माहिती देता येते, असे तेच कलम सांगते. शिवाय कलम ४ नुसार माहिती आपणहून प्रसिद्ध करणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांडपाणी प्रक्रियेच्या प्रकरणात ऑनलाइन मोजणीचे आकडे मंडळांच्या संकेतस्थळांवर लोकांसमोर ठेवण्याचा निर्देश दिला होता. क्वचित एखाद्या रसायनाचे नाव झाकावे लागलेच, तर त्याचा वर्ग आणि वजन तरी दिसले पाहिजे, आणि काहीतरी झाकले आहे हेही दिसले पाहिजे.

उद्योजक संघटनांशी बोलताना दुसरी बाजूही मनापासून मांडा. नागपूरची नाग नदी पुढे कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते आणि गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत घाण नेते. त्या घाणीचा मोठा वाटा शहराच्या मैलापाण्याचा आहे. नोंदवहीच्या नकाशावर फक्त कारखाने दिसले, तर कारखानदार म्हणतील की आम्हालाच आरोपी केले, आणि त्यात तथ्य असेल. कीव्ह करारातही वाहने, शेती, घरे अशा विखुरलेल्या स्रोतांची उपलब्ध माहिती दाखवण्याची तरतूद आहे. महापालिकेची मैलापाणी केंद्रे, कचरा डेपो आणि वाहने पहिल्या आवृत्तीपासून त्यात असावीत, मग त्यांचे आकडे अंदाजाचे का असेनात. उघड आकड्यांचा कारखान्यांवरही परिणाम होतो: अमेरिकेत पहिले आकडे जमा होताच १९८८ मध्ये मॉन्सँटो कंपनीने १९९२ अखेरपर्यंत विषारी वायू-उत्सर्जन ९० टक्के घटवण्याचे जाहीर केले. कंपनीच्या वरिष्ठांनीही आपला एकूण आकडा तेव्हाच प्रथम पाहिला होता. मात्र घट खरी आहे की मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे कागदावर आली आहे, हे ओळखता यावे म्हणूनच वर सांगितलेले पद्धतीचे अक्षर लागते.

सुरुवात एकदम देशभर करू नये. जपानने कायद्याच्या आधी १९९७ मध्ये कानागावा आणि आइची या प्रांतांतल्या काही भागांत चाचणी घेतली. मेक्सिकोने केरेतारो राज्यात घेतली. आपल्याकडे चाचणीसाठी नागपूर-चंद्रपूर पट्टा योग्य आहे असे मला वाटते, आणि हे केवळ मी इथला आहे म्हणून म्हणत नाही. कोराडी-खापरखेड्यासारखी मोठी एकल स्थळे, बुटीबोरीसारखी सामायिक केंद्र असलेली वसाहत, हिंगण्यासारखी लहान कारखान्यांची जुनी वसाहत, आणि केंद्रीय मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात अतिप्रदूषित ठरलेले चंद्रपूर, असे चारही नमुने इथे थोड्या अंतरात मिळतात. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ पासून इथेच आहे, मंडळाची प्रादेशिक कार्यालये आहेत. पंधरा-वीस प्रदूषक घ्या: धूलिकण, गंधक व नायट्रोजनचे ऑक्साइड, पारा, शिसे, क्रोमियम, फ्लोराइड, सांडपाण्यातील सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी), एकूण नायट्रोजन, आणि इथल्या उद्योगांत खरोखर वापरले जाणारे काही द्रावक. पहिल्या वर्षाचे आकडे भरून घ्या, कारखान्यांना परत दाखवा, पडताळा आणि दुसऱ्या वर्षीचे आकडे प्रसिद्ध करा. हा काळ किती लागेल हे मंडळात या कामासाठी किती माणसे दिली जातात यावर अवलंबून आहे; आज रिकामी असलेली पदे तशीच ठेवून हे काम सुरू केले, तर दुसऱ्या वर्षाचे प्रकाशन होणार नाही हे मी खात्रीने सांगतो.

प्रसिद्ध झालेल्या आकड्यात चूक निघणारच. ती दुरुस्त करताना जुना आकडा पुसू नये. नवा आकडा, दुरुस्तीची तारीख, कारण आणि ती कोणी सुचवली, म्हणजे कारखान्याने, मंडळाने की नागरिकाने, हे सर्व त्याच पानावर राहावे. आक्षेप घेण्याची सोय मराठीतून असावी आणि त्याला उत्तर देण्याची मुदत नियमात असावी, कारण ज्याच्या शेतात राख उडते त्याला इंग्रजी फॉर्म भरता येत नाही म्हणून त्याचे निरीक्षण कमी किमतीचे ठरू नये. हा मजकूर टिपणाच्या मुख्य भागात घ्या आणि प्रदूषकांची यादी परिशिष्टात न्या.